नेपच्यूनचा पेढा

किस्से जमवायला माणसाला हिंडावं लागतं असं कोण म्हणतं? मी तर एकाच जागी गोल गोल फिरते आणि तरी माझ्याकडे पोतंभर साठलेत. घरी चार माणसं जमली आणि मी नुसतं "आमच्या सूर्यमालेत परवा काय झालं..." एवढं म्हटलं, की भाच्या-पुतण्या सरसावून बसतात. नवरा तेवढा उठून चहा टाकायला जातो. त्याला सगळे पाठ आहेत!

पण आधी सूर्यमाला म्हणजे काय ते सांगते. नाहीतर म्हणाल, बँकेतून रिटायर झाली आणि बाईचं डोकं फिरलं.

वाळिंबे सर कर्वेनगरला आमच्याच सोसायटीत राहतात. शाळेत विज्ञान शिकवायचे. आयुष्यभर फळ्यावर गोल काढून त्यांचं समाधान झालं नाही, म्हणून निवृत्तीनंतर धायरीतल्या एका मोकळ्या जमिनीवर चुन्याच्या फक्कीनं गोल काढले. मधोमध सूर्य, भोवती ग्रहांच्या आठ वाटा, आणि त्या वाटांवर ग्रह म्हणून चालणारे आम्ही. महिन्यातल्या एका रविवारी सकाळी शाळेची मुलं बघायला येतात. पावसाळ्यात सुट्टी, कारण सूर्यमाला वाहून जाते.

अंतरं मात्र प्रमाणात हं! पृथ्वी सूर्यापासून दोन मीटरवर, तर नेपच्यून साठ मीटरवर, पार बांधाला टेकलेला. पृथ्वीची एक फेरी झाली की सर घंटा वाजवतात, म्हणजे एक वर्ष झालं. तेवढ्या वेळात बुधाच्या चार फेऱ्या होतात आणि नेपच्यून चार पावलं टाकतो. फेऱ्या नव्हे, पावलं! बारा घंटा झाल्या की गुरूची एक फेरी पुरी होते, सर शिट्टी मारतात आणि कार्यक्रम संपतो.

मी शुक्र. सौंदर्यामुळे वगैरे नाही, त्या दिवशी तेवढीच जागा रिकामी होती. बुध म्हणजे रफीकभाई अत्तार. पेठेत त्यांचं पिढीजात कुलपांचं दुकान आहे, साठी उलटलीय, पण अंगानं काटक. पृथ्वी म्हणजे ईशा, आयटीतली मुलगी. गुरू म्हणजे शिंदे वहिनी, लोणी काळभोरच्या कॉलेजात शिकवतात आणि दर वेळी उशिरा येतात. मधल्या उरलेल्या ग्रहांवर आलेल्या मुलांनाच उभं करतो. राहता राहिले सूर्य आणि नेपच्यून. खरी गोष्ट त्या दोघांचीच आहे, पण वाटेत बाकीचं ऐकून घ्यावं लागेल.

*

सूर्य म्हणजे अण्णा. ती जमीन त्यांची. धायरीतलं जुनं शेतकरी घर. गाव शहरात गेलं, चारी बाजूंनी इमारती उठल्या, पण हा तुकडा तसाच पडून होता. सर परवानगी मागायला गेले, तेव्हा अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "खांदनार तर न्हाई ना कुठं?"

"नाही हो. नुसते गोल काढणार आणि चालणार."

"कशापायी?"

सरांना असा प्रश्न म्हणजे मेजवानीच! त्यांनी अर्धा तास ग्रह, कक्षा, वर्षं सगळं समजावलं. अण्णा म्हणाले, "करा. पर मी मधी खुर्ची टाकून बसनार. माझ्या जमिनीत काय चाललंय ते बघाया पायजे."

सर म्हणाले, "बरोबर मध्ये बसणार?"

"बराबर मधी."

"आणि उठणार नाही?"

"मी कशाला उठू?"

"मग अण्णा, आपणच सूर्य!"

तेव्हापासून अण्णा प्लॅस्टिकच्या खुर्चीत, डोक्याला फेटा, आणि आम्ही त्यांच्याभोवती. तोंड गोड करायची पद्धतही त्यांनीच घातली. "चक्कर पुरी करनाऱ्याला तसंच धाडायचं व्हय? आपल्यात रीत न्हाई ती." ज्याचं वर्ष पुरं होईल त्याला सूर्याच्या हातचा एक पेढा!

*

या पेढ्यानं पहिल्याच महिन्यात घोळ केला. पृथ्वीची एक फेरी होईस्तोवर बुधाच्या चार. म्हणजे दर घंटेला रफीकभाईंना चार पेढे! बिचारे अण्णांच्या भिडेनं खात राहिले. तिसऱ्या घंटेला त्यांचा चेहरा बघवेना.

संध्याकाळी त्यांच्या बेगमनी सरांना फोन केला. "वाळिंबे साहेब, आमच्या घरात डॉक्टरांनी साखरेचा डबा कुलपात ठेवायला सांगितलाय. कुलूप घरचंच आहे. आपल्या सूर्यमालेत कुलूप नाही का?"

सर ओशाळले. मग नियम झाला: आतल्या ग्रहांना प्रत्येक फेरीला एक फुटाणा, आणि पेढा फक्त गुरूपासून पुढच्यांना. शिंदे वहिनी खूश! शेवटच्या घंटेला त्यांची फेरी पुरी व्हायची आणि साऱ्या मैदानासमोर एकट्या पेढा खायच्या.

वयाचा हिशेबही त्यातूनच निघाला. जो ज्या ग्रहावर, त्याचं वय त्या ग्रहाच्या वर्षांत मोजायचं. वहिनींनी आपलं वय काढलं आणि कॉलेजात जाहीर केलं, "मी साडेचार वर्षांची आहे, मला रागावू नका!" रफीकभाईंचं वय अडीचशेच्या वर निघालं. त्यांनी हौसेनं घरी जाऊन सांगितलं. बेगम म्हणाल्या, "मग आता तरी शहाणे व्हा!"

*

एकदा रफीकभाईंना चक्कर आली. येणारच! बुधाचा गोल म्हणजे न्हाणीघराएवढा, त्यात तुरुतुरु पळायचं. त्यांनी सरांना सुचवलं, "सर, एक फेरी सुलटी, एक उलटी असं केलं तर?"

"रफीकभाई, सूर्यमालेत तसं चालत नाही."

"मग सूर्यमालेत चक्कर येत नाही का?"

सर बोलेपर्यंत रफीकभाईंचे पाय एकमेकांत अडकले आणि ते सरळ अण्णांच्या मांडीवर! खुर्ची करकरली, फेटा तिरपा झाला. मुलं टाळ्या वाजवत ओरडायला लागली, "बुध सूर्यात पडला, बुध सूर्यात पडला!"

दुसरा कोणी असता तर आधी पाणी आणलं असतं. वाळिंबे सर मुलांकडे वळून म्हणाले, "बघा, वेग कमी पडला की सूर्य असा ओढून घेतो. म्हणून जवळच्याला सारखं पळावं लागतं." मग म्हणाले, "पाणी आणा."

अण्णांनी रफीकभाईंना मांडीवरून हलकेच खाली उतरवलं, स्वतःच्या तांब्यातलं पाणी दिलं आणि म्हणाले, "मास्तर, ह्यो धडा पुस्तकात तरी हाय का?"

*

ईशा आली तेव्हाचा प्रसंग. हुशार मुलगी, पण जरा घाईची. तिनं पहिल्याच दिवशी सरांना पकडलं. "सर, मिस्टेक आहे. नेपच्यून पृथ्वीच्या तीस पट लांब. सर्कल तीस पट मोठं. म्हणजे त्याचं इयर तीस वर्षांचं पाहिजे ना? तुम्ही एकशे पासष्ट सांगताय. कॅल्क्युलेशन चेक करा प्लीज."

पुण्यात निवृत्त शिक्षकाला "चेक करा" म्हणणं म्हणजे काय ते मी सांगायला नको. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं.

सर शांतपणे म्हणाले, "बाळ, तू किती भरभर चालतेस?"

"नॉर्मल."

"आणि नेपच्यूनही तसाच चालतो असं तुला कोणी सांगितलं?"

ईशानं लांबच्या गोलाकडे वळून बघितलं.

"नुसती वाट लांब असती तर तीस वर्षांत भागलं असतं. पण सूर्यापासून लांब गेलं की त्याची ओढ कमी होते, आणि ओढ कमी म्हणून चालही मंदावते. वाटही लांब आणि चालही मंद. तुझ्या वेगाच्या पाचव्या हिश्श्यानंही तो चालत नाही. जा, तेवढं हळू चालून दाखव."

ईशा गेली. तेवढं हळू चालायला तिला जमेना! तोल जायला लागला. परत येऊन म्हणाली, "सर, हे तर फार हार्ड आहे. थांबलो तर थांबलो, पण इतकं हळू सतत चालायचं?"

रफीकभाई धापा टाकत म्हणाले, "बेटा, अदलाबदल करतेस का?"

*

या हळू चालण्यामुळेच आमचा पहिला नेपच्यून सोडून गेला. ते एक निवृत्त अधिकारी होते. चार महिने आले आणि एक दिवस सरांना म्हणाले, "मी इथे येतो म्हणजे नक्की काय करतो? लोकांना वाटतं मी मैदानाची राखण करतोय." गेले ते गेलेच.

जागा रिकामी पडली. आणि त्याच रविवारी बांधावरून एक गृहस्थ मोटारसायकल लावून आत आले. उंच, रापलेले, मिशा पांढऱ्या. फक्कीच्या शेवटच्या गोलावर उभे राहून ओरडले, "कुनाला इचारून गोल काढले? ह्या जमिनीत माझंबी नाव हाय!"

सगळे थबकलो. अण्णांनी मान दुसरीकडे वळवली. तेव्हा आम्हाला कळलं की हे बापू, अण्णांचे धाकटे भाऊ.

गोष्ट अशी होती. त्याच्या बारा वर्षं आधी अण्णांच्या मुलीचं लग्न झालं. पत्रिका छापल्या. निमंत्रकांत सगळ्या भावकीची नावं, अगदी दूरच्या चुलत्यांचीसुद्धा, आणि सख्ख्या भावाचं नाव राहून गेलं! छापताना राहिलं की सांगताना, देव जाणे. बापूंना वाटलं मुद्दाम गाळलं. ते लग्नाला आले नाहीत. अण्णांना वाटलं, घरच्या माणसाला कागद लागतो व्हय? पोरीच्या डोक्यावर अक्षता टाकायला काका नाही, हे त्यांच्या जिव्हारी लागलं. झालं! दोघांचं बोलणं बंद. जमीन दोघांच्या नावावर, विकायची तर दोघांनी एकत्र बसायला हवं, आणि दोघं एका बाकावरही बसत नव्हते. म्हणून तो तुकडा मोकळा राहिला.

रफीकभाई नंतर माझ्या कानात म्हणाले, "ताई, आपली सूर्यमाला गुरुत्वाकर्षणावर नाही टिकलेली. भांडणावर टिकलीय. हे बोलायला लागले की इथे इमारत!"

पण त्या वेळी मैदानात बापू उभे होते, रागानं लाल. वाळिंबे सर शांतपणे त्यांच्याजवळ गेले, नमस्कार केला आणि म्हणाले, "आपण बरोबर जागेवर उभे आहात. नेपच्यून व्हाल का?"

"त्येला काय करावं लागतं?"

"सूर्यापासून सगळ्यांत लांब राहायचं आणि हळूहळू चालायचं."

बापू म्हणाले, "त्ये तर मी बारा वर्सं करतोयच की!"

आम्ही हसावं की नाही या विचारात. बापूंनी विचारलं, "अन् ही चक्कर पुरी झाली की?"

"सूर्याच्या हातचा पेढा मिळतो."

बापूंनी लांबवर बसलेल्या फेट्याकडे एकदा बघितलं. "म्हंजे ह्या जन्मी न्हाई," असं म्हणून ते गेले.

आणि पुढच्या महिन्यात आमच्या आधी येऊन बांधावरच्या कडुनिंबाखाली उभे होते! सरांनी सांगितलं, आधीचा नेपच्यून जिथवर गेला तिथून पुढे चाला. बापू म्हणाले, "दुसऱ्यानं चाललेली वाट माझ्या नावावर नको. मी लिंबापासनं सुरू करनार." जमिनीच्या बाबतीत काय ते स्वच्छ पाहिजे!

*

नेपच्यूनची वाट एका रविवारात संपत नाही, म्हणून बापूंसाठी वेगळी सोय होती. बारा घंटा झाल्या की ते जिथे पोचले असतील तिथे निळा रंग दिलेली एक वीट ठेवायची. पुढच्या महिन्यात तिथूनच पुढे. अशी वीट बांधाच्या कडेकडेनं सरकत होती. सरांच्या हिशेबानं साधारण दोन हिवाळे लागणार होते.

आणि दोघं भाऊ? एक अक्षर नाही. पण एक गंमत मी टिपली. अण्णा मला विचारायचे, "सुलभाताई, नेपच्यून कुठवर आला?" आणि बापू निघताना मला गाठायचे, "सूर्याला उन्हाचा त्रास व्हतोय का वो? छत्री लावा की कुनीतरी." नाव म्हणून घ्यायचं नाही! मी दोघांमधला पोस्टमन. वैताग यायचा, खरं सांगते. एकदा वैतागून अण्णांना म्हटलंसुद्धा, "साठ मीटरवर तर आहेत, हाक मारा ना!"

अण्णा म्हणाले, "सूर्यानं हाक मारल्याचं मास्तरांनी कधी शिकिवलंय का?"

शिंदे वहिनींना हे अबोल्याचं प्रकरण कळलं तेव्हा त्यांनी विचारलं, "किती वर्षं झाली म्हणता?"

"बारा."

"अगं मग माझ्या हिशेबानं एकच वर्ष झालं! एका वर्षाच्या रुसव्याचं एवढं काय?"

आम्ही हसलो. हे ऐकून अण्णा मात्र हसले नाहीत. खाली बघत पेढ्याच्या डब्याचं झाकण लावत राहिले.

*

एक पालक बाई आल्या होत्या. त्यांच्या मुलाला सरांनी युरेनस केलं. पाच-सहा घंटा झाल्यावर बाई सरांकडे आल्या. "अहो सर, माझ्या मुलाला आतला ग्रह द्या ना. तो सारखा मागे पडतोय. त्याच्या कॉन्फिडन्सवर परिणाम होईल."

सर म्हणाले, "बाई, इथे कोणी मागे पडत नाही. जो तो आपापल्या अंतराप्रमाणे चालतो."

"पण मग तो जिंकणार कधी?"

"चौऱ्याऐंशी वर्षांनी," सर म्हणाले. "डबा दिलाय का बरोबर?"

त्याच दिवशी एका चुणचुणीत मुलीनं विचारलं, "सर, सूर्य अजिबात हलत नाही का?"

सर खोटं बोलत नाहीत, मुलांशी तर नाहीच. म्हणाले, "हलतो. तो ग्रहांना ओढतो, तसे ग्रहही त्याला ओढतात. पण इतका थोडा हलतो, की इथे आपण ते सोडून देतो."

*

मग वीट गेली.

जानेवारीतली गोष्ट. आम्ही पोचलो तर निळी वीट गायब. आसपासच्या पोरांनी आदल्या दिवशी स्टंप म्हणून वापरली होती आणि आता ती पार आत, शनीच्या वाटेवर पडली होती. बापू आले, बघितलं आणि मटकन खाली बसले. "आता? आता मी कुठं हुतो?"

सरांकडे हिशेब होता, पण एकदा वळवाच्या पावसानं कार्यक्रम अर्ध्यात सोडावा लागला होता, त्या दिवशी घंटा किती झाल्या यावर सर आणि ईशाचं जमेना. शेवटी सर म्हणाले, "शंका राहण्यापेक्षा पुन्हा कडुनिंबापासून सुरुवात करू."

बापूंचा चेहरा असा उतरला की मला बघवेना. सव्वा वर्ष तो माणूस मुंगीच्या पावलांनी चालला होता.

तेवढ्यात मधोमध खुर्चीतून आवाज आला. "मास्तर!" अण्णा बसल्या जागेवरून बोट दाखवत होते. "त्या वाकड्या बाभळीच्या दोन हात अलीकडं हुती वीट. तिच्या उजव्या अंगाला पिवळा दगुड हाय बघा."

आम्ही गेलो. बाभळीच्या दोन हात अलीकडे गवत विटेच्या आकाराचं पिवळं पडलेलं होतं आणि उजवीकडे दगड!

साठ मीटरवरून, फेटा डोळ्यांवर ओढून झोपल्याचं सोंग करणारा हा माणूस दर महिन्याला काय बघत होता, ते त्या दिवशी सगळ्यांना कळलं. बापूंना तर कळलंच. त्यांनी वीट उचलून आणली, जागेवर ठेवली, उपरण्यानं पुसली आणि चिमूटभर हसून उभे राहिले. पण बोलणं? छे! जाताना मला म्हणाले, "सूर्याचे डोळे चांगले हायेत म्हनायचं."

*

आता शेवटचं सांगते.

यंदाच्या मे महिन्यातला रविवार. त्या दिवशी बापूंची फेरी पुरी व्हायची होती. सकाळी अण्णा आले ते हळूहळू, दोनदा थांबत. जूनमध्ये त्यांचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं. डॉक्टरांनी जास्त चालू नका म्हणून बजावलेलं. खुर्चीत बसल्यावर मला म्हणाले, "सुलभाताई, आजचा पेढा माझ्या हातानं गेला म्हंजे बरं. फुडचं कुनी बघितलंय." डबा त्यांनी मांडीवरून खाली ठेवलाच नाही.

इकडे बापू माझ्याजवळ आले. "आपरेशन मोठं असतंय का वो?" कोणाचं ते म्हणाले नाहीत. मीही विचारलं नाही. मला म्हणायचं होतं, मेल्यांनो, बोला आता एकदा! पण म्हटलं नाही.

कार्यक्रम सुरू झाला. घंटेमागून घंटा. बापू दर घंटेला चार-चार पावलं टाकत कडुनिंबाकडे सरकत होते. अकरावी झाली, बारावी झाली. सरांनी शिट्टी हातात घेतली आणि आमचं सगळ्यांचं लक्ष बांधाकडे गेलं.

बापू कडुनिंबापासून आठ पावलं अलीकडे उभे होते! त्या वळवाच्या दिवशीची तूट. आठच पावलं, पण घंटा संपल्या होत्या. आता पुढचा कार्यक्रम पावसाळ्यानंतर, आणि मध्ये जून.

शिंदे वहिनी ओरडल्या, "अहो बापू, चाला ना! आठ पावलं तर आहेत, कोण बघतंय!"

बापू जागचे हलले नाहीत. "न्हाई. घंटा झाल्याबिगर पाऊल टाकनार न्हाई. चोरीचा पेढा नको मला."

काय म्हणावं या माणसाला! मी चिडले, खरंच चिडले. डोळ्यांत पाणी आलं होतं ते वेगळं.

सरांनी शिट्टी ओठांना लावली. नियम म्हणजे नियम. आणि तेवढ्यात माझ्या आतल्या गोलात पावलं वाजली. रफीकभाई! गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत उभे असलेले रफीकभाई पुन्हा पळायला लागले होते. हेच ते, भाऊ बोलले की इथे इमारत होणार म्हणणारे! ईशाकडे बघून म्हणाले, "बेटा, पृथ्वी थांबल्याचं कधी ऐकलंय का?"

ईशा निघाली. मी निघाले. वहिनी तोंडातला पेढा तसाच धरून निघाल्या. शनी-युरेनसवरची पोरंसुद्धा न सांगता चालायला लागली. सर शिट्टी धरून उभे. ईशा समोरून गेली तशी म्हणाली, "सर, घंटा!"

सरांनी आमच्याकडे बघितलं, बांधाकडे बघितलं. मग शिट्टी खिशात टाकली. "काळ थांबलेलाच नाही, तर शिट्टी कशाला वाजवू?" असं स्वतःशीच म्हणाले आणि घंटा वाजवली.

बापूंनी चार पावलं टाकली.

आणखी एक फेरी. रफीकभाईंचा रंग उडाला होता, पण पठ्ठ्या थांबला नाही. ईशा शेवटच्या वळणावर जवळजवळ धावलीच, तर सर ओरडले, "वेग वाढवायचा नाही!" मग पुन्हा घंटा.

एक. दोन. तीन. बापूंनी चौथं पाऊल टाकलं आणि कडुनिंबाच्या बुंध्याला हात लावला.

रीतीप्रमाणे वर्ष पुरं झालेल्यानं सूर्याकडे यायचं आणि पेढा घ्यायचा. बापू झाडाला हात लावून तसेच उभे. पाय उचलेना त्यांचा. इतक्या वर्षांत ज्या माणसाकडे गेलो नाही, त्याच्याकडे आता सगळ्यांदेखत कसं जायचं!

आणि खुर्ची करकरली.

अण्णा उठले होते. पेढ्याचा डबा छातीशी धरून ते चालायला लागले. बुधाची वाट ओलांडली, माझी ओलांडली, पृथ्वीची ओलांडली. ईशा हात द्यायला पुढे झाली, तर मानेनंच नको म्हणाले. शनीच्या वाटेवर थांबून त्यांनी दम घेतला. मुलांमधून एक आवाज आला, "सर, सूर्य हलला! सर, बघा ना, सूर्य हलला!"

वाळिंबे सर चष्मा पुसत होते. "असू दे," म्हणाले, "ते आपण सोडून देतो."

अण्णा कडुनिंबाखाली पोचले. श्वास लागला होता, फेटा मागे सरकला होता. त्यांनी डब्याचं झाकण काढलं, पेढा उचलला आणि भावाच्या तोंडाजवळ नेला. मी त्यांच्या मागोमाग गेले होते, मला शब्द न् शब्द ऐकू आला.

"लय उशीर केलास रे."

बापूंनी तोंड उघडायच्या आधी अण्णांचं मनगट धरलं.

"लांबून आलोय, अण्णा."